कागद फिरवून बघ

११ एप्रिल

आत्या,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घालते, कारण कारखान्यात आडवं पडायचं सोडच, उभं राहायलाही जागा नाही. पिशव्यांचे गठ्ठे पार दारापर्यंत आलेत आणि मी डिंकाच्या टेबलाशी उभ्याउभ्याच हे लिहिते आहे. बसलं की कोणीतरी हाक मारतं, मग बसायचं कशाला?

आधी चांगली बातमी. तुझी ‘भांडकुदळ शेजारीण’ ही रेघांची जाळी भलतीच गाजते आहे. चहावाल्यांच्या खोक्यांवर छापली आपण ती. काळे-पांढरे चौकोन, मधल्या करड्या रेघा अगदी सरळ, आणि तरी बघणाऱ्याला एक इकडे झुकलेली दिसते नि दुसरी तिकडे. एका दुकानदारानं म्हणे फळी वाकली असं समजून खोक्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारले! चहावाले खूश आहेत. गिऱ्हाईक थांबतं, थांबलं की खोकं उचलतं, आणि उचललेलं खोकं परत ठेवायला माणसाला लाज वाटते.

आता कामाचं. एक साबणवाला आला आहे, मोठं दुकान उघडतो आहे. त्याला अशी पिशवी हवी की घडी घालून सपाट ठेवली तरी आत काहीतरी ठासून भरल्यासारखी फुगलेली दिसावी. “रस्त्यावरच्या माणसाची मान वळली पाहिजे,” म्हणतो. संगणकावर काढलेले फुगवटे दाखवले, तर म्हणाला असे समोरच्या गल्लीतही मिळतात. त्याला हातानं ओढलेली रेघ हवी, म्हणजे तू हवीस. हे काम मिळालं तर वर्षभर छपाईचं मशीन थांबणार नाही. नाही मिळालं तर डिंक लावणाऱ्या बायकांपैकी कोणाला तरी घरी बस म्हणावं लागेल, आणि ते माझ्या जिभेवर येणार नाही.

आता वाईट बातमी. रागावू नकोस. तू मागच्या महिन्यात पाठवलेल्या दोन्ही जाळ्या परत पाठवते आहे. एकीत मधल्या रेघा मधेच जाड झाल्यात, दुसरीत दोन रेघा एकमेकींच्या अंगावर गेल्यात. मला वाटलं आपणच नीट बघत नाही, म्हणून तू लहानपणी शिकवलंस तसा कागद फिरवून बघितला. दोष कागदाबरोबर फिरला. म्हणजे तो कागदातच आहे, माझ्या डोळ्यात नाही.

तुझ्या टेबलावरचा दिवा मंद झालाय का? नवा पाठवू?

तुझी भिंगरी

१८ एप्रिल

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी दर पत्राला मोजून देत नाही.

जाळ्या मिळाल्या. दिवा पाठवू नकोस, माझा दिवा चांगला आहे. तुला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी तुझ्या बापाच्या कारखान्यासाठी रेघा ओढते आहे. उजव्या डोळ्याला भिंग लावायचं, डावा घट्ट मिटायचा आणि जाळी तपासायची. आजवरची प्रत्येक जाळी अशीच तपासली. आता तो गेला आणि त्याची लेक मला पट्टी धरायला शिकवणार! शिकव बाई.

इथं सगळी माणसं एकजात बिघडली आहेत. खिडकीची चौकट नवी करून घेतली, तर सुतारानं ती वाकडी बसवली. मधला गज पोट काढून उभा आहे. सांगितलं तर गडी ओळंबा काढून दोरी सोडतो नि म्हणतो, “बघा बाई, सरळ आहे.” मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, तुझं अंगण खरंच वाकडं आहे आणि तू वर नाचून दाखवतोस. तुझ्या ओळंब्याचीच दोरी वाकडी असेल. चहा न घेता गेला.

फोन करत जाऊ नकोस. मला धड ऐकू येत नाही, मी भलत्यालाच हो म्हणते आणि मग आठवडाभर चडफडत बसते. आणि जाळीचा फोटोही मागू नकोस. कॅमेरा बारीक रेघांवर स्वतःच्याच लाटा चढवतो, ते तुला माहीत आहे.

खरं सांगू का? जाळ्या परत आल्या त्या दिवशी मी टेबल पुसलं, पेनं धुतली, शाईची बाटली बंद केली आणि मग काय करावं ते सुचेना. उगाच जिना उतरले, परत चढले. पुन्हा उतरले. खालची शिलाईवाली विचारायला लागली काही हरवलंय का. रेघ ओढायची नसेल तर या खोलीत माझं काय काम आहे ग? नवरा नाही, मूल नाही, चार माणसांत बसावं तर ऐकू येत नाही. माझा हात गेला असं तुला वाटत असेल तर गोडीगुलाबीनं दिव्याचं विचारू नकोस. सरळ लिही.

आत्या

२५ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र वाचून दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. दोनदा पिशव्यांना दोरी उलटी ओवायला सांगितली. बायका हसल्या.

हात गेला असं कोण म्हणालं? दोन जाळ्या फसल्या म्हणून काय झालं, माझ्या तर रोज चार गोष्टी फसतात. साबणवाल्याला मी सांगून टाकलंय की जाळी माझी आत्याच काढणार. त्यानं दुसऱ्या कोणालाही विचारलेलं नाही. घाई कर असं म्हणत नाही, पण घाई कर.

सुताराशी भांडू नकोस. पुढच्या खेपेला दार बिघडलं तर कोण येईल?

भिंगरी

१२ मे

चि. भिंगरी,

बसली असशील तर उठ, उभी असशील तर बस. सोबतचा कागद आधी उघड, मग पुढे वाच.

बघितलास? आता तू म्हणशील, आत्याला वेड लागलं, ही तर साधी चौकडी! साधीच आहे. पट्टी लावून मोज, सगळ्या रेघा सरळ, सगळ्या सारख्याच जाडीच्या, सगळे चौकोन सारखे. कुठे रेघ वाकवली नाही, कुठे चौकोन ताणला नाही. आणि तरी मधोमध, जरा उजव्या अंगाला, फुगते! मी नजर हलवली की फुगवटाही सरकतो, श्वास घेतल्यासारखा.

आजवर आपण काय करत आलो? रेघ वाकवायची आणि डोळ्याला फसवायचं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, आणि त्यावर आपलं पोट. पण इथं वाकवलेलं काहीच नाही. मी खरं म्हणजे नुसती मोजणीची चौकडी आखत होते, तिच्यावर पुढे फुगा काढणार होते. आखून झाली, डावा डोळा मिटून भिंगातून बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. कसं झालं मला कळत नाही. आयुष्यभर रेघा ओढल्या त्याचं हे फळ असेल. मला नाचावंसं वाटलं, पण खाली शिलाईवाली झोपली होती.

साबणवाल्याला म्हणावं, ही घे. आणि मला पत्र लगेच टाक. दिसलं ना तुला? मी इथं जिन्यावर येरझाऱ्या घालते आहे.

आत्या

१९ मे

आत्या,

दिसलं. हललं ग! आम्ही सगळ्यांनी बघितलं. छपाईवाले काका तर म्हणाले, असं काही त्यांनी कधी छापलंच नाही. तू कमाल केलीस.

मला पहिल्यांदा जरा वेळ लागला, म्हणून विचारते. किती लांबून बघायचं? खिडकीच्या उजेडात की दिव्याखाली? आणि डावा डोळा मिटायचा म्हणतेस, तो मिटलाच पाहिजे का? गिऱ्हाईक काही डोळा मिटून रस्त्यानं जात नाही, म्हणून विचारते, बाकी काही नाही. सकाळपासून मी कागद भिंतीवर लावते आहे, काढते आहे, परत लावते आहे.

पण छान आहे. खरंच छान आहे. छपाईला देते. तू आता विश्रांती घे.

भिंगरी

२६ मे

चि. भिंगरी,

तुझं पत्र कितीदा वाचलं विचारू नकोस. उशाशी ठेवलंय.

हातभर लांबून बघ. उजेड कुठलाही चालतो. डोळा मी सवयीनं मिटते, दोन्ही उघडे ठेवले तर जरा मंद होतं, पण असतं. तुला वेळ लागला कारण तुला धीर नाही. लहानपणी भोवरा फिरायच्या आत तू त्याला पकडायचीस, तेव्हाच तुझं हे नाव ठेवलं.

इथं एक गंमत झाली. त्या सुतारानं नाक्यावरच्या चष्मेवाल्याला जाऊन सांगितलं की वरच्या बाईंना सरळ गज वाकडा दिसतो. चष्मेवाला चांगला माणूस, आपणहून जिना चढून आला. “एकदा डोळे दाखवा, या वयात बघून घेतलेलं बरं,” म्हणाला. महिन्यापूर्वी आला असता तर कदाचित गेलेही असते. त्या दोन जाळ्या परत आल्या तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली होती, तुला लिहिलं नाही इतकंच. पण आता? मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. म्हटलं, वाचा. जे मला दिसतं ते तिथं अख्ख्या कारखान्याला दिसतं. माझ्या डोळ्यात बिघाड असता तर त्यांना कसं दिसलं असतं? बिचाऱ्यानं पत्राची घडी करून परत दिलं. चहा घेऊन गेला.

काल कपाशेजारी चहा ओतला. आनंदानं माणूस वेंधळा होतो म्हणतात ते खरं आहे.

पिशवी छापून झाली की पहिली मला पाठव.

आत्या

२१ जून

आत्या,

मी तुझ्याशी खोटं बोलले. ते आधी लिहून टाकते, नाहीतर माझा हात पुढे सरकणार नाही.

मला काहीही हललेलं दिसलं नाही. मला साधी चौकडी दिसली. छपाईवाले काका, डिंक लावणाऱ्या बायका, सगळ्यांना दाखवली. मी म्हटलं आत्यानं काढली आहे, फुगते, तर सगळे डोळे बारीक करून म्हणाले हो हो, फुगते. कोणाला वाटलं आपल्यालाच अक्कल नाही, कोणाला माझं मन मोडवेना. आणि मला तुझं मन मोडवेना. तू जिन्यावर येरझाऱ्या घालते आहेस असं डोळ्यांपुढे आलं आणि मी ‘हललं’ लिहून मोकळी झाले. वर पिशव्याही छापल्या.

साबणवाल्यानं पिशवी उचलली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाला, “मी पिशवी मागितली होती, तुम्ही गणिताची वही दिलीत.” गेला तो. जाऊ दे, तो गेल्याचं दुःख नाही.

त्यानंतरही मला वाटत राहिलं की दोष माझाच. आत्याला दिसतं ते मला दिसत नाही, म्हणजे माझ्याच डोळ्यात काहीतरी आहे. म्हणून मी काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासता तपासता माझ्या हातात एक कार्ड दिलं आणि एक डोळा झाकायला सांगितलं. आत्या, त्या कार्डावर तुझी जाळी होती. तीच चौकडी, फक्त मधोमध एक ठिपका. मी हसले. म्हटलं, ही तर माझ्या आत्याची! डॉक्टर म्हणाल्या, रेघा सरळ दिसतात ना? मग तुमचा डोळा ठीक आहे. मी विचारलं, फुगलेल्या कोणाला दिसतात? त्या म्हणाल्या, ज्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साचतंय त्याला. वय झालेल्या माणसांना होतं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. आधी एका डोळ्यात होतं, आणि दुसरा चांगला असला तर तो झाकून नेतो.

मग मला सगळं एकदम आठवलं. सुताराचा गज. कपाशेजारचा चहा. मधेच जाड झालेल्या रेघा. तुझा मिटलेला डावा डोळा.

यावर औषध आहे, पण लवकर व्हायला हवं, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. गेलेलं सगळं परत येतंच असं नाही. मी फोन केला तर तू हो हो म्हणालीस आणि ठेवून दिलास, तुला काय ऐकू आलं देव जाणे. म्हणून हे लिहिते. पत्र मिळाल्याबरोबर नाक्यावरच्या त्या चष्मेवाल्याकडे जा, तो इस्पितळाची चिठ्ठी देईल. मशीन खोललं आहे, ते जोडलं की मी येतेच. तू थांबू नकोस. मला इथं एका जागी उभं राहवत नाही.

भिंगरी

२७ जून

भिंगरी,

कुठलं खरं धरू ते सांग. मे महिन्यात लिहिलंस हललं, जूनमध्ये लिहितेस नाही हललं. मधे काय झालं तर साबणवाला गेला. गिऱ्हाईक गेलं की माझी जाळीही गेली, आणि जाळीबरोबर माझा डोळाही गेला! सोयीचं आहे.

जाळी नको असेल तर नको म्हण. माझा हात संपला म्हण. पण म्हातारीला आंधळी ठरवून घरी बसवायचं, वर ते तिच्या भल्यासाठी म्हणायचं, हे तुझ्या बापाला शोभलं नसतं. मला सगळं दिसतं. हे पत्र मी लिहिते आहे ना? सुई ओवते, घड्याळ बघते. मला जिन्याच्या पायऱ्या दिसतात, फक्त त्या घरमालकानं नीट बांधलेल्या नाहीत.

येऊ नकोस. दार उघडणार नाही.

आत्या

२ जुलै, तुझ्या दाराबाहेर, वरून दुसऱ्या पायरीवर

आत्या,

मी आले आहे. दार वाजवून हात दुखला. शिलाईवाली वर येऊन बघून गेली. तुझी सावली दाराखालच्या फटीत हलते, म्हणजे तू आत आहेस आणि मी बाहेर आहे हे तुलाही कळलंय. ओरडून सांगितलेलं तुला ऐकू येणार नाही आणि सगळ्या इमारतीला ऐकू येईल, म्हणून लिहून सरकवते. सोबत तुझीच जाळी आहे, मे महिन्यात पाठवलेली, मूळ कागद.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी खोटं बोलले, आता माझ्या बोलण्याला काही किंमत नाही, ते मला मान्य आहे. डॉक्टरांवरही ठेवू नकोस, सुतारावर तर नकोच. पण तू मला एक गोष्ट शिकवली होतीस. पिशवी वाकडी दिसली की मी रडायचे, आणि तू म्हणायचीस, आधी कागद फिरवून बघ. वाकडेपणा कागदाबरोबर फिरला तर तो कागदाचा. जागेवरच राहिला तर कागदाला बोल लावायचा नाही.

तेवढंच कर. एका कोपऱ्यावर पेन्सिलीनं फुली मार. भिंग लाव, डावा डोळा मीट, नेहमीसारखीच. मधोमध बघ आणि फुगवटा कुठल्या अंगाला आहे ते लक्षात ठेव. मग कागद उलटा फिरव आणि पुन्हा मधोमध बघ. फुली कुठे गेली आणि फुगवटा कुठे गेला?

त्यानंतर उजवा डोळा झाक आणि डाव्यानं बघ. हे तू आजवर कधी केलंच नाहीस.

फुगवटा कागदाबरोबर फिरला तर मी निघून जाते, पुन्हा तोंड दाखवणार नाही, आणि साबणवाल्याच्या पाया पडून ती पिशवी त्याच्या गळ्यात मारते. मी इथंच बसले आहे. तुझ्या पायऱ्या सरळ आहेत ग आत्या.

भिंगरी

२० ऑगस्ट

चि. भिंगरी,

अक्षर मोठं आलंय, ओळी उताराला लागल्यात, ते चालवून घे. तू मला इस्पितळातून घरी सोडून गेलीस आणि त्यानंतर दर खेपेला न्यायला-आणायला येतेस, पण गाडीत काही बोलता येत नाही. मला ऐकू येत नाही आणि तुला गप्प बसवत नाही. म्हणून लिहिते.

त्या दिवशी दाराआड काय झालं ते तू विचारलं नाहीस, मी सांगते. तुझा कागद उचलला तेव्हा मी चिडलेलीच होते. तुला खोटं पाडायचं म्हणूनच फुली मारली. डावीकडे वर मारली. फुगवटा उजव्या अंगाला होता. कागद उलटा केला. फुली खाली उजवीकडे गेली. फुगवटा होता तिथंच. मला वाटलं चुकून कागद फिरवलाच नाही, म्हणून परत फिरवला. मग आडवा केला. फुली घरभर हिंडली, फुगवटा जागचा हलेना. मग मी उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं बघितलं. समोर गणिताची वही होती. इतकी सरळ, इतकी साधी, की शाळेतलं पोरसुद्धा आखेल. मग खिडकीकडे बघितलं. सुताराचा गज अगदी सरळ उभा होता.

मला खूप भीती वाटली ग. एवढी तुझा बाप गेला तेव्हाही वाटली नव्हती. आणि लाज वाटली. मी त्या चौकडीला आयुष्याचं फळ म्हटलं होतं.

दार उघडायचं होतं, पण आधी दाराशीच खाली बसले. मग फटीतून तुझ्या चपला दिसल्या. तुझे पाय स्थिर होते. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी तुझे पाय ओळखते, ते कधी एका जागी राहिलेले मी बघितले नाहीत. झोपेतसुद्धा चालायचे. त्या दिवशी ते दोन दगडांसारखे पायरीवर होते. म्हटलं, ही पोर खरंच घाबरली आहे. मग कडी काढली.

डोळ्यात सुई टोचणार म्हटल्यावर मी तुझा हात इतका दाबला की तुझं बोट सुजलं, ते मला नंतर दिसलं. डाव्या डोळ्यानं दिसलं. डॉक्टर म्हणतात, पाणी ओसरतंय. काही रेघा सरळ होतील, काही तशाच राहतील. “महिनाभर आधी आला असता तर,” असं म्हणाल्या आणि पुढचं गिळलं. तूही मान खाली घातलीस.

मी रागावलेली आहे. अजून आहे. तुझ्या त्या एका ‘हललं’नं मी चष्मेवाल्याला परत पाठवलं. पण मीही आधी लिहिलं होतं की हात गेला असेल तर सरळ सांग, आणि असं लिहिलं की समोरच्याची सरळ सांगायची छाती होऊ नये. हा धंदा डोळ्याला फसवायचा आहे, तो आपण एकमेकींवरच करून बसलो.

सुताराला बोलावून चहा पाजला. म्हटलं, अंगण सरळच होतं, मलाच नाचता येईना. तो म्हणाला, बाई, मी ओळंबा विकायला काढला होता.

आत्या

२९ ऑगस्ट

आत्या,

रागावलेली राहा. मला तसंच बरं वाटतं, तू गोड बोलायला लागलीस तर मला झोप लागणार नाही.

कारखाना चालला आहे. चहावाल्यांनी खोक्यांचं काम वाढवलंय, त्यामुळे बायका सगळ्या आहेत, कोणाला घरी बसवलं नाही. गणिताची वही छापलेल्या पिशव्यांत आम्ही आता कातरण भरून ठेवतो.

तू परत रेघा ओढाव्यास असं मी म्हणणार नाही. ओढू नयेस असंही म्हणणार नाही. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाल्या डाव्या डोळ्यावर कितीही काम करा. पण डाव्या डोळ्याची आणि तुझ्या हाताची ओळखच नाही, ती करून घ्यावी लागेल.

भिंगरी

१४ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

ओळख करून घेते आहे. भांडणं होतात. हात म्हणतो इथं, डोळा म्हणतो तिथं. शाई दोघांच्या मधे सांडते. टोपलीभर कागद फाडले. भिंग डाव्या डोळ्यात टिकत नाही, गालावरून घसरतं, आता त्याला दोरी बांधून कानाला अडकवलंय. शिलाईवाली मला बघून तोंडावर पदर घेते.

सोबत एक फुगा पाठवते आहे. रेघा वाकवलेल्या, जाड-बारीक केलेल्या, जुन्या पद्धतीनं. आयुष्याचं फळबिळ काही नाही. हलतं का सांग. आणि भिंगरी, बापाची आण घालत नाही, पण खरं सांग.

आत्या

२० ऑक्टोबर

आत्या,

नाही हलत.

मधल्या रेघा एकसारख्याच जाड झाल्यात, कडेला पुरेशा बारीक होत नाहीत, त्यामुळे पोट दिसतं पण भरलेलं वाटत नाही. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात हात थांबून पुन्हा सुरू झालाय, तिथं गाठ आली आहे. कागद परत पाठवते.

हे लिहिताना मी तीनदा टेबलावरून उठले. तरी लिहिलं.

भिंगरी

२७ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

‘नाही हलत’ वाचलं आणि अगदी तुझ्या बापाला द्यायचे तशा शिव्या तुला दिल्या. मग खुर्चीत बसून राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतंय. किती दिवसांनी पाय जिन्याकडे वळले नाहीत. मी अजून अशी आहे की जिला ‘नाही’ म्हणता येतं.

गाठ सोडवली. कडेच्या रेघा बारीक केल्या. परत एकदा सगळं काढलं, मग पुन्हा एकदा. सोबत पाठवते आहे.

मला विचारशील तर मला फुगलेलं दिसतं. पण माझ्या दिसण्याचं काय घेऊन बसलीस? माझ्या उजव्या डोळ्याला अजून दाराची चौकटही मधेच पोट काढल्यासारखी दिसते, आणि डावा तर नवशिका आहे. दोघांना मिळून विचारलं तर एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून तुझ्यावर सोपवते. कारखान्यात कोणाला विचारू नकोस, ते सगळे हो म्हणतील. तू एकटी बघ. दोन्ही डोळे उघडे ठेवून, रस्त्यावरच्या माणसासारखी.

नाही असेल तर नाही लिही. शाई भरपूर आहे.

आत्या

२ नोव्हेंबर

आत्या,

दार लावून घेतलं आणि एकटीनंच बघितलं. जाळी पिशवीवर चिकटवली, पिशवी घडी घालून टेबलावर सपाट ठेवली, दारापर्यंत मागे गेले. नंतर परत येऊन तिच्यावर हात ठेवला, कारण डोळ्यांवर माझाही विश्वास उरलेला नाही. हाताला सपाट लागली.

मग एका कोपऱ्यावर फुली मारली आणि कागद फिरवला.

फुगवटा कागदाबरोबर फिरला.

भिंगरी